लीलाबाईंचा आंबेमोहोर आणि मधला वाटेकरी

माण गावात लीलाबाईंशी घासाघीस करून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. भाजीवाला त्यांना लांबून बघितलं की कोथिंबिरीची जुडी आधीच बाजूला काढून ठेवतो, कारण ती शेवटी वर टाकावी लागणार हे त्याला ठाऊक असतं. त्यांच्या तीन मजली इमारतीत आयटीतली पोरंपोरी भाड्याने राहतात. कुणी भाडं कमी करून मागायला खाली आलंच तर बाई त्याला चहा पाजतात, गावाकडची चौकशी करतात, डब्यात भाजी भरून देतात आणि पोरगं खूश होऊन वर जातं. वर गेल्यावर त्याच्या लक्षात येतं, की भाड्याचं राहूनच गेलं.

आणि हीच बाई स्वतः कुणाचा रुपया घ्यायची वेळ आली की अवघडते. पाहुणा निघताना पोराच्या हातावर नोट ठेवणार, घरची बाई 'कशाला, कशाला' म्हणत ती त्याच्या खिशात परत कोंबणार, पाहुणा पुन्हा काढणार. दारातली ही झोंबाझोंबी आपल्याकडे कुठल्या घरात होत नाही? लीलाबाईंची मात्र फाटकाच्याही पुढे जाते. एकदा उरवड्याच्या नणदेची, तुळजाबाईंची रिक्षा सुरू झाल्यावर यांनी मागे धावत जाऊन नोट आत फेकली होती. तुळजाबाईंनी पुढच्या वळणावर रिक्षा थांबवून ती एका ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवली आणि 'आमच्या वयनीला द्या' म्हणून सांगून गेल्या. दोघींपैकी कुणीच हरायला तयार नसतं.

इमारतीच्या मागे त्यांचं एक भातखाचर उरलं आहे. बाकीची जमीन आयटी पार्कात गेली, काही रस्त्यात गेली. तीन बाजूंना काचेच्या इमारती आणि मध्ये हा हिरवा तुकडा, त्यात बगळे उतरतात आणि वरच्या मजल्यांवरची मंडळी खिडकीतून त्यांचे फोटो काढतात. लीलाबाई त्यात आंबेमोहोर लावतात. पीक चांगलं येतं, पण व्यापारी भाव देताना तोंड वाकडं करतो, म्हणून निम्मा तांदूळ भावकीत आणि भाडेकरूंच्या डब्यातच संपायचा.

हैबतराव, म्हणजे त्यांचे यजमान, स्वभावाने गरीब माणूस. पण गेली दोन वर्षं त्यांच्या डोक्यात खाचरावर दुसरी इमारत उभी राहिली होती. ठेकेदार येऊन टेपने मापं घेऊन गेला. लीलाबाईंनी त्या दिवशी जेवण केलं नाही, आणि त्यांनी जेवण केलं नाही म्हणजे घरात कुणीच केलं नाही. शेवटी तडजोड झाली. यंदाचा तांदूळ संक्रांतीच्या आत चांगल्या भावाने सगळाच्या सगळा विकला गेला, तर खाचर राहील. एक पिशवी जरी उरली, तरी पाडव्याला पाया खणायचा. हैबतरावांना वाटलं, आपण जिंकलो. लीलाबाईंनाही तसंच वाटलं.

तिसऱ्या मजल्यावर स्नेहल राहते, नाशिककडची, घरूनच काम करणारी. तिने सुट्टीच्या दिवशी बसून बाईंसाठी एक वेबसाइट करून दिली: खाचराचा फोटो, बगळे, नऊवारीतल्या लीलाबाई आणि खाली 'विकत घ्या' असं बटण. पिशवीवर चौकशीसाठी नंबर हैबतरावांचा टाकला, कारण बाईंचा फोन कायम पिठाच्या डब्यावर पडलेला असतो. दुसऱ्याच दिवशी कोथरूडहून पहिली मागणी आली. बाईंनी देवापुढे साखर ठेवली. मग पैसे बँकेत आले आणि ते कमी आले.

स्नेहलने समजावून सांगितलं, की मध्ये एक पेमेंट कंपनी असते. ती गिऱ्हाइकाच्या बँकेतून पैसे घेऊन आपल्या बँकेत आणून टाकते, त्याचे शंभरातले दोन रुपये कापते, आणि कापण्यावर पुन्हा कर लावते.

"बँकेतनं बँकेत आणायला ह्याला काय टेंपो लागतो व्हय?" लीलाबाईंनी विचारलं.

भाताचं आवण आमी लावायचं, चिखलात कंबर आमची मोडायची, भात भरडून आणायचं आमी, आणि हा आयत्या बिळावरचा नागोबा वाटा घेणार, असं त्या दिवसभर भांडी घासताना म्हणत राहिल्या. हैबतराव बाहेरच्या सोप्यातून म्हणाले, की तळं राखील तो पाणी चाखील, जगाची रीतच आहे. त्यावर आतून उत्तर आलं, की तळं आमचं, पाणी आमचं, ह्यो राखतोय काय? हैबतरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

तरी मागण्या येत होत्या, स्नेहलच्या ऑफिसातून, मग त्यांच्या ओळखीतून. बाईंचा राग हळूहळू खाली बसला आणि त्यांनी रीतसर उद्घाटन करायचं ठरवलं. दुकान आहे म्हटल्यावर भावकीची भवानी नको का? पण भावकीला तांदूळ विकायचा म्हणजे नाक कापून घेणं. मग बाईंनीच तोड काढली. शकुनाची मूठभर तांदळाची पुडी, किंमत अकरा रुपये, असं वेबसाइटवर टाकायला लावलं. सगळ्यांनी बटण दाबायचं आणि आशीर्वाद द्यायचा. रविवारी सकाळी लॅपटॉपला हळदीकुंकू लागलं, नारळ फुटला, आणि भावकीच्या ग्रुपवर लिंक गेली.

घोटवड्याहून, पिरंगुटहून, उरवड्याहून अकरा-अकरा रुपये येऊ लागले. स्नेहल नावं वाचत होती आणि बाईंचे डोळे भरून येत होते. आणि डोळे भरून आले की त्यांचा हात आपोआप पैसे परत करायला जातो. ज्यांनी लग्नाकार्यात खांद्याला खांदा लावला त्यांचे पैसे ठेवून घ्यायचे? त्यांनी स्नेहलला विचारलं, की हे परत कसं पाठवायचं. स्नेहलने बटण दाखवलं आणि तिच्या आईचा फोन आला म्हणून ती वर गेली. हीच तिची चूक झाली.

लीलाबाईंनी एकेकाचे पैसे परत पाठवले. तिकडे भावकीच्या फोनवर पैसे परत आल्याचे मेसेज पोचले, आणि भावकी काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तुळजाबाईंनी एकाऐवजी दोन पुड्या घेतल्या. बाईंनी त्याही परत केल्या. तुळजाबाईंनी पाच घेतल्या. पिरंगुटच्या चुलत जावेने 'आमचे पैसे खोटे हायेत का' असं ग्रुपवर लिहून पुन्हा पाठवले. दुपारभर दारातली झोंबाझोंबी कंपनीच्या डोक्यावरून चालली, आणि बाईंना इतकी मजा कित्येक दिवसांत आली नव्हती. वन्संची रिक्षा पळून जायची तरी, इथे तर पळायला जागाच नाही, असं म्हणत त्या बटण दाबत होत्या.

चहाच्या वेळी स्नेहल खाली आली आणि तिने कपाळाला हात लावला. अशा बारीक रकमेला कंपनी दर वेळी किमान तीन रुपये कापते. आणि पैसे परत केले तरी कापलेलं परत देत नाही.

हे मात्र बाईंच्या कल्पनेपलीकडचं होतं. गुरांच्या बाजारात सौदा मोडला तर दलालसुद्धा दलाली परत करतो. त्यांनी तसं धरूनच बटणं दाबली होती. आता कळलं, की येताना ताटातून गेलेलं जाताना पदरचं घालून पुरं करावं लागलं. त्या कंपनीला जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. स्नेहलला त्यातले काही शब्द नवीन होते.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण सोमवारी कंपनीने खातंच गोठवलं. बारीक रकमा येतात काय, लगेच परत जातात काय, पुन्हा त्याच माणसांकडून येतात काय. कंपनीच्या यंत्राला हा काहीतरी काळा धंदा वाटला. खऱ्या गिऱ्हाइकांचे पैसेही आत अडकले. स्नेहलने मेल पाठवले, त्यांना यंत्रानेच उत्तरं दिली. ती बिचारी रडवेली झाली आणि पैसे सुटेपर्यंत तांदूळ पाठवू नका म्हणाली.

लीलाबाई उंबऱ्यावर बसून खाचराकडे बघत राहिल्या. कापणी झालेली, नुसती धसकटं उरलेली, आणि पलीकडे ठेकेदाराने मापाला रोवलेली खुंटी. आपल्याच हौसेपायी हा तुकडा जाणार, असं त्यांना वाटलं. मग त्या उठल्या आणि पिशव्या शिवायला घेतल्या.

"तांदूळ लोकांनी मागितलाय, कंपनीनं न्हाई," त्या म्हणाल्या. "लोकांनी पैसं भरल्यात. त्यांचं ताट का अडवायचं?"

पिशव्या मोटारसायकलला बांधून कुरिअरवाल्याकडे हैबतरावांनीच नेल्या. पैज त्यांची होती, तरी बायको हरताना बघवत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन वाजू लागला. आता, हैबतरावांच्या फोनचं असं आहे की तो वर्षभर वाजतोच. काका, पाणी गेलं. काका, गिझर चालत नाही. काका, माझ्या जागेवर कुणीतरी गाडी लावली. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना कुणी चांगलं सांगायला फोन केला नव्हता. आणि आता कोथरूडच्या एक नलिनीताई म्हणून बाई सांगत होत्या, की भात शिजला तसा वास जिन्यापर्यंत गेला, शेजारीण विचारायला आली, आणि त्यांना त्यांच्या आईची चूल आठवली. शेतकरी तुम्हीच का, असं त्यांनी विचारलं. हैबतरावांनी इकडेतिकडे बघितलं आणि व्हय म्हणाले.

मग त्यांना चटकच लागली. फोन आला की सोप्यात उभं राहून घ्यायचे, आवाज वाढवून. आंबेमोहोराला पाणी किती घालायचं, मऊ भात कसा करायचा, हे स्वतः कधी पातेलं चुलीवर न ठेवलेला माणूस अधिकाराने सांगू लागला. आतून लीलाबाई ऐकायच्या आणि पदराने तोंड दाबून हसायच्या.

अशातच कंपनीचा एक माणूस एकदाचा फोनवर आला. किशोर नाव, बोली सांगलीकडची. त्याने त्या रविवारचा खुलासा मागितला. बाईंनी सांगितला: नातेवाईक पैसे देत होते आणि मी घेत नव्हते. तो हसला, त्याची मावशी अशीच आहे म्हणाला, पण वरच्यांना पुरावा लागतो. या माणसांपैकी कुणाला तरी मीच फोन करून विचारतो, असं म्हणून त्याने यादीतला सगळ्यात जास्त व्यवहारांचा नंबर लावला. तो तुळजाबाईंचा होता. त्यांनी त्याला बोलूच दिलं नाही. आपल्या वयनीने आपले पैसे किती वेळा परत पाठवून अपमान केला, याची तक्रार कुठे करायची असते हेच त्यांना कंपनीकडून जाणून घ्यायचं होतं. खातं दुसऱ्या दिवशी सुटलं.

बाईंनी किशोरला सोडलं नाही. कापलेलं परत कर, निदान निम्मं तरी कर, मी तुला पाच किलो धाडते, असं बराच वेळ चाललं. तो शेवटपर्यंत नाही म्हणाला, पण फोन ठेवताना त्याने दोन पिशव्या विकत घेतल्या, त्याही पूर्ण पैशाने. लीलाबाईंना हा सौदा नक्की कोण जिंकलं ते अजून कळलेलं नाही.

स्नेहल म्हणाली, कापलं जातं तेवढं किमतीत चढवून टाकू, सगळे तसंच करतात. बाईंनी मान हलवली. गिऱ्हाइकाने का सोसायचं? आणि आपणही का सोसायचं? या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून त्या दर मागणीला एक शिवी घालून पिशवी शिवत राहिल्या. तेवढ्याने त्यांना बरं वाटायचं.

भोगीच्या दिवशी सकाळी कोपऱ्यात काही पिशव्या उरल्या होत्या. दोन दिवस मागणी नव्हती. लीलाबाईंनी बाजरीच्या भाकरी थापल्या, मिसळीची भाजी केली, तीळ भाजले. पण लक्ष सगळं त्या कोपऱ्यात. एक पिशवी जरी उरली तरी, असं त्यांनीच कबूल केलं होतं. दिलेला शब्द मोडायचा नाही हे त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि भाकरी जरा जास्तच जोरात थापली.

दुपारी स्नेहल जिन्यावरूनच ओरडत आली. सगळ्या पिशव्या गेल्या. एकाच माणसाने उरलेल्या सगळ्या घेतल्या, कार्डाने पैसे भरले.

"कुटं पाठवायच्यात?" बाईंनी विचारलं.

स्नेहलने फोन पुढे केला आणि हसू दाबत उभी राहिली. पत्ता माणचा होता. इमारत यांचीच होती. मजला खालचा.

लीलाबाई पिठाच्या हातांनी सोप्यात गेल्या. हैबतराव पेपर वाचत होते, म्हणजे तोंडापुढे धरून बसले होते.

"अवो, घरातला तांदूळ घरात घ्यायला त्या मेल्याला शंभरातलं दोन दिलंत?"

"दिलं," हैबतराव पेपराआडून म्हणाले. "पुढच्या सालीबी लोक फोन करणार. काय सांगू त्यास्नी, भाताच्या जागी गिझर लावलेत म्हणून?"

लीलाबाईंना एकदम इतका आनंद झाला की काय करावं सुचेना. सवयीने हात पुढे झाला. स्नेहलच्या फोनवर ते परत करायचं बटण होतंच. बाईंचं बोट त्याच्यावर जाऊन थांबलं. परत केले तर पुन्हा कापणार, आणि हा माणूस पुन्हा भरणार, आणि पुन्हा कापणार.

त्यांनी बोट मागे घेतलं, हात पदराला पुसले आणि नवऱ्याकडे बघितलं.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "ह्ये ठेवून घेते."