नलूवहिनींनी न प्यायलेलं शहाळं

नलूवहिनी चमच्याने पाणी पीत. चमचाभर तोंडात घेऊन डोळे मिटायच्या आणि पुष्कळ वेळ जिभेवर धरून ठेवायच्या. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हापासून त्यांना पाणी बेतानंच होतं.

डायलिसिसला रत्नागिरीला जाताना सोबत मी असे. मला चार माणसांत बोलता येत नाही. वहिनी मात्र एसटीत शेजारणीला सगळं समजावून सांगत.

"अगो बाय, त्या मशीनच्या नळीत पडदा असतो. भोकं इतकी बारीक की डोळ्यांना दिसायची नाहीत. एका अंगाला माझं रक्त, दुसऱ्या अंगाला औषधाचं पाणी. रक्तात घाण जास्त, पाण्यात नाहीच. मग ती आपसूक जास्तीकडून कमतीकडं जाते. चहाची पुडी गरम पाण्यात सोडली की रंग उतरतो, तसं. अंगातल्या पेशीपेशीला असाच पडदा आहे, असं सिस्टर सांगते."

"आणि रक्त नाही जात?"

"त्यातले कण मोठे. भोकांतून जातायत कुठं!" आणि स्वतःच हसत.

शहाळं त्यांना बंद होतं. त्यातला एक क्षार रक्तात साठला तर काळीज थांबेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

हेदवीचा त्यांचा भाऊ घराच्या वाटणीवरून अबोला धरून होता. बहिणीचा आजार कळल्यावर एकदा आला, तो मोटारसायकलला शहाळी बांधूनच. आजाऱ्याकडे आपल्यात दुसरं काय नेतात? त्याने स्वतः कोयत्याने एक फोडलं आणि पुढे धरलं.

"आईच्या विहिरीवरच्या माडाचं आहे, अक्का."

वहिनींचे हात पुढे झाले, आणि मांडीवर परत आले. "मला चालत नाही रे. हे आत गेलं की मशीनलाच काढावं लागतं..."

"आजाऱ्याला शहाळं चालत नाही? माझ्या हातचं चालत नाही म्हण सरळ!"

चहासुद्धा न घेता तो निघून गेला. वहिनींनी ते शहाळं माझ्या हातात दिलं. "तू पी. आणि सांग मला, गोड आहे का."

पुढे त्या खंगतच गेल्या. भाऊ आला तो त्या गेल्यावर. दिवसकार्य आटोपल्यावर पडवीत माझ्याजवळ येऊन म्हणाला, "खरंच चालत नव्हतं तिला?"

मी होकाराची मान हलवली. मग कसे कोण जाणे, शब्द आले. "ते मी प्यायले. त्यांनीच प्यायला लावलं. गोड आहे का, विचारत होत्या."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"गोड आहे म्हटलं."

"मग? काय म्हणाली?"

"आणखी एक घोट घे, म्हणाल्या."