गडग्यापलीकडचा दत्ताराम

दत्तारामाला माझ्याशी बोलायचं असलं की तो आपल्या कुत्र्याशी बोलायचा. "काळ्या, सांग तिका, माडाक हात लावलंस तर हात मोडीन." मीही कुत्र्यालाच सांगायची, "काळ्या, धन्याक सांग, माड माझ्या सासऱ्यान लावलेलो आसा." कुत्रा दोघांकडे बघून शेपूट हलवायचा.

दत्ताराम माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ. दोन घरांच्या मध्ये चिऱ्यांचा गडगा. माझा नवरा वारला त्या वर्षी दत्तारामाने गडगा आमच्या बाजूला सरकवला आणि आमचा माड त्याच्या हद्दीत गेला. मी नारळ पाडायचं सोडलं नाही, म्हणून त्याने कोर्टात माझ्यावर दावा लावला आणि तेव्हापासून घरांत अबोला. माणूस वाईट होता. मेला म्हणून मी वेगळं लिहिणार नाही. कट्टा गावात त्याचा कंप्युटरचा क्लास होता. पोरांच्या टाळक्यात टपल्या मारून शिकवायचा. पोरं येईनाशी झाली तेव्हा एक कंप्युटर घरी आणून ठेवला. क्लास का बुडला विचारलं की म्हणायचा, "मशीन कधी चुकणा नाय. चुकता तो चलवणारो."

माझी मुलगी सुलभा तेव्हा नवऱ्याकडून परत आली होती. तो मारायचा. लोकांचे अर्ज ऑनलाइन भरून द्यायचे, कागद छापून द्यायचे, असं तिने ठरवलं. सुटे भाग मागवले आणि मोबाइलवर बघून कंप्युटर स्वतः जोडला. बटण दाबलं. पंखे फिरले, आतला दिवा लागला, मॉनिटर मात्र काळा. सगळ्या वायरी काढून परत लावल्या. तरी काळा. दुकानदार फोनवर म्हणाला, "आधी मॉनिटर दुसऱ्या कंप्युटरला लावून बघा, मग बोला."

इकडे सुलभाने नवऱ्याला सांगून टाकलं होतं, माझं काम सुरू झालं, मी येत नाही. तो म्हणाला होता, "रविवारी येतो. काम दिसलं नाही तर केसाला धरून नेईन." आणि वाडीत दुसरा कंप्युटर एकच होता.

मी गडग्याशी गेले. "काळ्या, धन्याक विचार, आमचो मॉनिटर तेच्या कंप्युटराक लावन बघतलो काय."

दत्ताराम ओट्यावर विडी ओढत होता. "काळ्या, माड सोडतली काय विचार तिका."

"माड सोडूचंय नाय."

तरी तो उठला. मदतीला नव्हे. आमची फजिती त्याला जवळून बघायची होती.

मॉनिटर गडग्यावरून पलीकडे गेला. आम्हाला त्याने आत बोलावलं नाही. थोड्या वेळाने ओरडला, "पेटलो. मॉनिटर बरो आसा. चूक तुमच्याच घरातली. डबो हाड हडे."

सुलभाने कंप्युटरचा डबा उचलून गडग्यावर ठेवला, पडवीतून लांब वायर ओढली. आमच्या हद्दीत पाऊल न टाकता दत्ताराम वाकला आणि त्याने आत बॅटरी मारली.

"ही रॅमची पट्टी कोणी बसयल्यान?"

"मिया, काका."

"अर्धीच बसली हा. जोरान कित्याक दाबूक नाय?"

"मोडात म्हणान भियालंय."

"मोडाचा नाय. वीज बंद कर नि दाब."

तिने दाबली.

"दाबतंस काय कुरवाळतंस? घोवाच्या घरात अशीच भिवन ऱ्हवलंस, म्हणान मार खाल्लंस."

माझ्या पायाशी एक सुका नारळ होता. मी तो उचलला. सुलभाचे डोळे भरले होते, पण तिने दोन्ही अंगठे पट्टीवर ठेवले आणि अंगातला सगळा जोर लावला. कट्ट करून आवाज झाला. मॉनिटर परत आणून जोडला, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. मी नारळ खाली ठेवला.

"मशीन कधी चुकणा नाय," दत्ताराम म्हणाला आणि विडी पेटवत आत गेला.

रविवारी जावई आला. पडवीत रेशनच्या अर्जासाठी बायका बसल्या होत्या. "चल," तो म्हणाला. सुलभाने कंप्युटरवरचे हात काढले नाहीत. "मी येवचंय नाय." एवढ्या बायकांसमोर त्याला हात उचलता येईना. आमचं वैर त्याला ठाऊक होतं, म्हणून तो दत्तारामाच्या ओट्यावर जाऊन बसला, आमच्याविरुद्ध दोन शब्द मिळतील या आशेने. दत्तारामाने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. आम्हालाही कधी विचारलं नव्हतं, तेव्हा त्यात उपकार काही नाहीत. जावई शेवटच्या गाडीने गेला तो परत आला नाही.

गेल्या श्रावणात दत्ताराम गेला. भाऊबंद म्हणून आम्हाला सुतक आलं. असल्या माणसासाठी माझ्या देवाला दहा दिवस फूल नाही. कंप्युटर मात्र सुलभाने बंद ठेवला नाही.

सुतक फिटायच्या आत दत्तारामाचा मुलगा पडवीत अर्जासाठी बसलेल्या बायकांमागे येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत त्या घरातलं माणूस आमच्याकडे आलेलं मी बघितलं नव्हतं. माडाच्या दाव्यात बापाच्या जागी त्याला आपलं नाव लावायचं होतं आणि तो अर्ज टाइप करून हवा होता. दावा माझ्यावर, म्हणून त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

मी सुलभाकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. "बस थंय," ती त्याला म्हणाली. "ह्या बायांचा आधी होवंदे."

तो बसला.