दोन माइकवर एकच शिट्टी
शेजारच्या फ्लॅटमध्ये कुकरची शिट्टी झाली की मला आईबाबांच्या घटस्फोटाची सुनावणी आठवते. कोर्ट वसईत, आम्ही शारजात, म्हणून सुनावणी व्हिडिओ कॉलवर. दोघांनी वर्षभर एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, पण आईचा व्हिसा बाबांच्या नावावर, म्हणून घर एकच. वकीलबाईंनी फोनवर सांगितलं होतं, "एका छताखाली असलात तरी नवरा-बायको म्हणून नांदत नाही ना? मग कायद्याने ते वेगळंच राहणं. फक्त वेगळ्या खोल्यांत बसा." बाबा बेडरूममध्ये बसले, आई हॉलमध्ये, दोघांसमोर आपापला लॅपटॉप, आणि मी किचनच्या दारात. जजसाहेबांनी विचारलं, "वेगळे राहता ना?" तेवढ्यात आमच्या कुकरने शिट्टी दिली, दोन्ही माइकवर एकदम. जजसाहेबांनी चमकून वर पाहिलं. "मम्मा, शुड आय टर्न इट ऑफ?" मी कुजबुजले. आई जागची हलली नाही. "हो, वेगळेच राहतो," दोघंही म्हणाले. खलास. कॉल संपला तसे बाबा टाय सैल करत बाहेर आले आणि वर्षभरात पहिल्यांदाच आईशी बोलले, "जेवायला काय आहे?" आईने निमूटपणे वाढलं. बाबांवरचा माझा राग केव्हाच निवला. तिच्या त्या वाढण्यावरचा अजून नाही.