ओढ्याची अलीकडची बाजू

आमदार येणार म्हणून सकाळपासून देवळापुढं मांडव घालायचं चाललं होतं आणि मी घरात आरशापुढं दाढी करत बसलो होतो. त्या दिवशी नारळ माझ्या हातनं फुटायचा होता. आमच्या गावात रीतच आहे, सरकारी काम कुठलंही असो, पहिला नारळ गावातल्या सगळ्यात वयस्कर माणसानं फोडायचा. पुढाऱ्यानं नाही. आधी ज्यांच्याकडं हा मान होता ते गेले आणि तो माझ्याकडं आला. मला शाळा दुसरीपर्यंत. लोणंदच्या बाजारात कांद्याची पोती उचलण्यात उमेदीची वर्षं गेली, पण कुठल्या पुढाऱ्याच्या दारात मी कधी जाऊन उभा राहिलो नाही. आता आमदारच माझ्या गावात येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणार होते. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. बायकोनं ट्रंकेतला फेटा काढून दिला आणि म्हणाली, "आवं, नीट बांधा. फोटू निघणार हाय."

काम होतं ओढ्याचं. आमचं गाव सातारा आणि सांगलीच्या हद्दीवर पडतं, त्यामुळं पाणी देताना दोन्हीकडच्यांना आमची आठवण शेवटी होते. उन्हाळा लागला की टँकर. ओढा खोल करा, पाणी अडवा, म्हणून गाव कधीपासून मागं लागलं होतं, आणि त्यात माझाही आवाज होता. पोकलेन मशीन आदल्या दिवशीच येऊन ओढ्यावर उभं राहिलं होतं.

हे आमदार मुंबईचं अधिवेशन उरकलं की गावोगाव फिरतात आणि बजेटात काय आलं, काय राहिलं ते स्वतः सांगतात. बोलायला चांगला माणूस. आधी गावाची खबरबात घेतली. गावातली एक पोरगी पोलीस भरतीत निवडली गेली होती, तिला उठवून टाळ्या वाजवायला लावल्या. सालभरात गेलेल्यांसाठी सगळ्यांना मिनिटभर उभं केलं. मग बजेटावर आले. म्हणाले, ह्या वेळी पहिलं पाणी, मग रस्ते, मग शाळेच्या खोल्या. दवाखान्याची गाडी मागितली होती, ती ह्या साली मिळाली नाही. ती आली असं सांगून टाळ्या घेता आल्या असत्या, पण खोटं बोलणार नाही. मला तो माणूस आवडला. मी मान हलवत होतो.

मग ते ओढ्यावर आले. म्हणाले, नुसतं खोल नाही, रुंदही करायचा. "पलीकडं लोकांचा ऊस हाय, विहिरी हायत. म्हणून रुंदीकरण अलीकडच्या बाजूनं घेतलंय. तिथं नुसती पडीक जागा हाय, चार करंजाची झाडं. ग्रामसभेनंच लिहून दिलंय, तिथं कायबी न्हाई."

टाळ्या वाजल्या. माझी हलणारी मान थांबली.

त्या बाजूला काय आहे ते मला माहीत होतं. दात यायच्या आधी गेलेलं लेकरू आमच्याकडं जाळत नाहीत, पुरतात. आमच्या गावात ते ओढ्याच्या अलीकडच्या बाजूला, करंजाखाली. बाप आणि घरातला एखादा पुरुष, दोघांनीच जायचं. खड्ड्यात मीठ घालायचं, माती लोटायची, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर बाभळीचे काटे टाकायचे आणि मागं न बघता घरी यायचं. वर दगड ठेवायचा नाही. आणि आईला जागा सांगायची नाही, कधीच नाही. सांगितली तर ती रोज तिथं जाऊन बसते, असं म्हणायचे. म्हणून त्या जागेला नाव नाही आणि तिचा विषय कुणी काढत नाही. ग्रामसभेच्या दिवशी मी डोळ्याच्या ऑपरेशनला सांगलीला होतो. पण बाकीचे म्हातारे होते ना. सरपंच तरुण पोरगा, त्यानं विचारलं असणार, तिथं काय हाय का? आणि हे सगळे म्हणाले असणार, काय न्हाई. दुसरं काय म्हणणार? बापानं शिकवलेलं तेच ते बोलले.

आमचं पहिलं लेकरू तिथं आहे. मुलगी. बारसं व्हायच्या आधीच तापानं गेली. माझे वडील आणि मी तिला घेऊन गेलो होतो. घरी आल्यावर बायकोनं मला एकदाच विचारलं, कुठं ठेवली? वडील दारात उभे होते. मी बोललो नाही. परत तिनं विचारलं नाही. पुढं दोन पोरं झाली, एक शिरवळला कंपनीत लागला, दुसरा फौजेत गेला, आम्ही म्हातारे झालो. तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आणि आता ती मांडवात बायकांच्या पहिल्या रांगेत बसली होती, हसत टाळ्या वाजवत होती. ओढ्याला पाणी येणार म्हणून.

मी एवढा घाबरलो होतो की आमदार पुढं काय बोलले ते कानात शिरलंच नाही. लोणंदला पोत्यांची थप्पी एकदा माझ्यावर कोसळली होती, तेव्हासुद्धा असं झालं नव्हतं. डोळ्यापुढं नुसता त्या मशीनचा दातेरी पंजा दिसत होता. तो मातीत जाणार आणि वर येणार. वर येताना त्यात काय असेल? एवढ्या वर्षांनी काही राहत नाही म्हणतात. पण राहिलं तर? आणि बायको तिथंच काठावर उभी असली तर?

माझ्या बाजूला माझा जुना जोडीदार बसला होता. आम्ही पोती एकत्र उचलली. त्याची दोन तिथं आहेत. मी त्याच्याकडं बघितलं, तर तो माझ्याकडं न बघताच हळू म्हणाला, "गप बस, गड्या. माती ऱ्हायलीया तिथं नुसती. आन तुझी बायकू म्होरं बसलीया."

बरोबरच होतं त्याचं. बोललो तर तिला जागा कळणार, सगळ्या गावासमोर. नाही बोललो तर मशीन चालणार आणि ते माझ्याच हातच्या नारळानं सुरू होणार. मला वाटलं, आत्ता इथंच चक्कर यावी आणि लोकांनी उचलून घरी न्यावं. चक्कर काही आली नाही.

सभा उठली आणि सगळे ओढ्याकडं निघाले. सरपंचानं माझ्या हातात नारळ दिला. वाटेत आमदार माझ्याशी चांगलं बोलत होते, पोरं काय करतात, डोळा कसा आहे. मी हूं हूं करत होतो. ओढ्यावर मशीनला हळदीकुंकू लावलेलं, हार घातलेला, ड्रायव्हरनं ते चालू करून ठेवलेलं. त्याच्या धडधडीनं पायाखालची जमीन हलत होती. तीच जमीन. मला तिच्यावर पाय ठेवून उभं राहवेना.

मी नारळ धरून नुसताच उभा आहे हे सरपंचानं बघितलं. त्याला वाटलं वयामुळं. "आबा, जोर लागंना काय? आमी टाकतो की हात." पोरं हसली. आमदार म्हणाले, "त्यांनी पोती उचलल्यात रं, नारळाचं काय घेऊन बसलास."

मी म्हणालो, "फोडणार न्हाई."

मशीनच्या आवाजात आमदारांना ऐकू गेलं नाही. मला परत म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणताना जास्त भीती वाटली, कारण तोवर सगळे माझ्याकडं बघायला लागले होते. आमदारांनी हातानं खूण केली, ड्रायव्हरनं मशीन बंद केलं. अशी शांतता झाली की वाटलं, मशीन चालू होतं तेच बरं होतं.

"का, आबा? आमचं काय चुकलं?"

"तुमचं न्हाई. हितं ल्येकरं हायती."

"कुणाची?"

"गावाची. माझंबी येक हाय."

बायकांच्या बाजूला मी बघितलं नाही. मान तिकडं वळेचना. सरपंच बिचारा गोंधळून म्हणाला, ग्रामसभेत तर कुणीच बोललं नाही, सगळ्यांनी सह्या केल्यात. मग माझा जोडीदार, मघाशी मला गप बस म्हणणारा, खाली बघत म्हणाला, "माझी दोन हायत." त्याच्यामागं आणखी कुणी, आणखी कुणी. मागनं एकजण कुरकुरलाही, मेलेल्यांपायी जित्यांचं पाणी घालवताय काय. त्याचंही खोटं नव्हतं. त्याच्या घरी म्हशी आहेत आणि टँकरच्या रांगेत त्याची सून उभी असते.

आमदारांनी करंजाखालच्या मातीकडं बघितलं. मग म्हणाले, खोल करायचं काम खालच्या अंगानं सुरू करू, ह्या बाजूला हात लावायचा नाही. पलीकडच्या ऊसवाल्यांशी बोलून बघतो, पण ते ऐकतील असं धरून चालू नका. "रुंदी न्हाई झाली तर पाणी कमी साठंल. उद्या मला बोल लावू नका, आत्ताच सांगतोय." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण कुणी नाहीही म्हणालं नाही. लोक मशीनच्या मागं खालच्या अंगाला निघून गेले. नारळ मी सरपंचाच्या हातात दिला.

मग बायको माझ्याजवळ आली. ती रडेल, भांडेल, वडिलांना शिव्या देईल, असं काय काय मी मनात धरलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "कुठं?"

आणि तेव्हा मला त्या दिवसातली सगळ्यात मोठी भीती वाटली. इतकी वर्षं ती जागा माझ्या मनात स्पष्ट होती. ओढा, काठ, करंज. पण तेव्हा करंज एकच होता, आता चार होते. काठ पुरांनी किती खाल्ला होता कुणास ठाऊक. मी तिथं उभा राहून बघत होतो आणि मला जागा सापडत नव्हती. एखादं झाड दाखवून मोकळं व्हावं असं वाटलं. तिला काय कळणार होतं? पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"हितंच कुठंतरी," मी म्हणालो. "नक्की सांगता येत न्हाई."

"मंग मी बसू कुठं?"

ती पहिल्या करंजाखाली जाऊन बसली, हात मातीवर ठेवून. थोड्या वेळानं उठली, लुगडं झटकलं आणि दुसऱ्याखाली जाऊन बसली. मी मागं उभा होतो. बसल्या जागेवरनं ती तिसऱ्या झाडाकडं बघत होती.