न तुटलेली लाल रेघ

श्यामराव पाटोळे लिफ्टचा मिस्त्री. घराणं नगरकडचं, मराठी ख्रिस्ती. जन्म, शाळा, लग्न सगळं कोलकात्यातलं. त्याच्या आधी तेच काम मी केलं. सहा वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो आणि माझ्या बारा इमारती त्याच्याकडे गेल्या.

लिफ्टच्या पिंजऱ्याखाली दोन जबडे असतात. दोर तुटला तर ते रुळांना चावतात आणि पिंजरा धरून ठेवतात. वर्षातून एकदा त्यांची चाचणी करायची. पिंजऱ्यात वाळूची पोती भरायची, पिंजरा खाली सोडायचा आणि वरच्या मशीनच्या खोलीत जबड्यांना चावायला लावणारा खटका हाताने पाडायचा; पिंजरा जागीच थांबला पाहिजे. दोन माणसं, अर्धा दिवस. मग तिथल्या कार्डावर सही. चाचणी झाली की मी खटक्याच्या सांध्यावर लाल रंगाची एक रेघ ओढायचो. खटका एकदा जरी पाडला तरी ती तुटते.

फेब्रुवारीत सियालदहजवळच्या सात मजली इमारतीत दाताच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. सवयीने मशीनच्या खोलीत डोकावलो. कार्डावर श्यामरावच्या सहा सह्या, शेवटची जानेवारीची. खटक्यावर माझी सहा वर्षांपूर्वीची रेघ अखंड.

उतरताना मी जिना धरला.

दर गुरुवारी श्यामरावच्या घरी प्रार्थना असते. आठ-दहा घरची माणसं जमतात. त्या आठवड्यात मी गेलो, तेव्हा त्याने साक्ष दिली. चार वर्षांपूर्वी दारू कशी सोडली, प्रभूने नवा माणूस कसा केला, हे त्याने सांगितलं. बायकांनी डोळे पुसले. खोटं एकही वाक्य नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर रेघ होती.

"भाऊजी, चहा न घेता निघालात? माझ्या हातचा नकोसा झाला वाटतं," सरला म्हणाली. सरला त्याची बायको.

"पुढच्या वेळी दोन कप घेईन," मी म्हणालो आणि श्यामरावला खाली बोलावलं.

"सियालदहची चाचणी कधी केलीस?"

"जानेवारीत. कार्डावर आहे."

"माझी रेघ तुटलेली नाही, श्याम."

तो मग म्हणाला, "तेव्हा मी पीत होतो, भाऊ."

"दोन वर्षं. पहिल्या दोन सह्या दारूच्या. पुढच्या चार शुद्धीतल्या."

"पोती उचलायला कंपनी माणूस देत नाही. आणि आता निवृत्तीला तीन महिने राहिलेत. सुखाने जाऊ दे ना."

"सरला दर शनिवारी त्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर आभादींना त्यांचे शिवलेले ब्लाउज पोचवते. जिन्याने जाते?"

वर सरला कपबशा विसळत होती. तो आवाज संपेपर्यंत श्यामराव कठड्याला धरून उभा होता.

"उद्या सकाळी येशील?" त्याने विचारलं.

शुक्रवारी आम्ही दोघांनी दहा पोती वाहिली. माझं वय चौसष्ट, त्याचं सत्तावन्न. दरवान स्टुलावरून बघत होता. "काय मिस्त्रीबाबू, आज लिफ्टचं लग्न आहे का?"

"बाजूला हो. आज कुणी आत जायचं नाही," श्यामराव म्हणाला.

त्याने पिंजरा सातव्या मजल्यावरून खाली सोडला. आम्ही वर होतो. त्याने खटका पाडला. रेघेचा रंग पापुद्रा होऊन गळला.

पिंजरा थांबला नाही.

नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या आवाजात तो सहावा, पाचवा, चौथा करत तळाला गेला आणि टेकला. खाली उतरून पाहिलं तर जुनं वंगण आणि धूळ मिळून जबडे दगडासारखे बसले होते. म्हणजे इतकी वर्षं ती लिफ्ट नुसत्या दोरावर लोंबत होती. श्यामराव तिथेच जमिनीवर बसला. प्रार्थना केली असेल. मला ऐकू आली नाही.

मग त्याने मेन स्विचला कुलूप घातलं आणि कार्डावर लिहिलं : सहा वर्षं चाचणी केली नाही. सह्या खोट्या. श्यामराव पाटोळे. ते कार्ड घेऊन तो कंपनीत गेला, बाकीच्या अकरा इमारतींची नावं दिली. त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं.

सरलाने सगळं ऐकून घेतलं. "शुद्धीत असूनही चार वर्षं मला त्या पिंजऱ्यात जाताना बघत होतात," एवढंच म्हणाली. पुढच्या गुरुवारी त्याने या खोट्या सह्यांची साक्ष दिली. कुणी डोळे पुसले नाहीत. दोन घरं यायची बंद झाली.

कंपनीने नवा मिस्त्री पाठवला. दोन दिवसांत अकराही इमारतींत नवी कार्डं लागली. अकरा चाचण्या म्हणजे साडेपाच दिवसांचं काम.

तेव्हापासून श्यामराव दारोदार जातो. सरकारी कचेरीत अर्ज दिला आहे, पोच मिळाली आहे. तो इमारतीतल्या लोकांना सांगतो, मी खोटी सही केली होती, आधी जबडे तपासून घ्या. नऊ ठिकाणी लोकांनी ऐकलं. चार ठिकाणी जबडे असेच घट्ट बसलेले निघाले.

दोन इमारती उरल्या, दोन्ही शहराच्या सॉल्ट लेक भागातल्या. तिथे त्याला आत घेत नाहीत. काल मी बरोबर होतो. दरवान म्हणाला, "नवं कार्ड आहे. रोज रोज काय येता, मिस्त्रीबाबू? नोकरी गेली म्हणून लोकांना भीती घालता?" आणि त्याने फाटक लावलं.

चार वाजले होते. शाळेची बस मुलांना सोडून गेली होती. आतून लिफ्ट वर निघाल्याचा आवाज आला. श्यामराव फाटकाचे गज धरून मजले मोजू लागला. दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्याला ती थांबली, दार उघडलं, बंद झालं.

मग ती खाली यायला निघाली.