आमच्या ह्यांचं आकाशातलं जहाज

आमच्या घरात एक इंग्रजी सिनेमा चाळीस वर्षं राहायला आहे. कामाला हात लावत नाही, उठून जात नाही आणि कोणी पाहुणा आला की सगळ्यांच्या आधी पुढे येऊन बसतो. सून आली, नातवंडं झाली, अंबरनाथची खोली सोडून आम्ही बदलापूरला कात्रपला फ्लॅटमध्ये आलो. सिनेमा बरोबर आला.

ह्यांनी तो पाहिला एकदाच. हे तेव्हा अंबरनाथच्या एका कंपनीत बॉयलरवर होते. खात्यातल्या चौघांबरोबर एका रविवारी मुंबईला जाऊन मोठ्या टॉकीजमध्ये पाहून आले आणि आल्यावर जेवले नाहीत. मला वाटलं, बाहेर खाऊन आले. तर तसं नव्हतं. सिनेमाने पोट भरलं होतं.

सिनेमा असा. आकाशात एक जहाज आहे. पाच माणसं काचेच्या पेट्यांत झोपली आहेत आणि जहाज कुठल्याशा ताऱ्याकडे निघालंय. पोचायला शंभर वर्षं. मध्येच एकाला जाग येते. मग तो एकटा जहाजभर हिंडतो. बोलायला कोणी नाही, म्हणून बोलत नाही. कुठे पोचतो ते दाखवलेलं नाही.

मी विचारलं, "त्याला जेवायला कोण घालतं?"

"गोळ्या खातात ते."

"मग परसाकडे काय जातात?"

"तुला सांगून उपयोग नाही," हे म्हणाले. "त्यातलं संगीत ऐकलंस तर कळेल. पण तुला ते तरी काय कळणार."

मी चौथी शिकलेली. कुळगावात शेतकऱ्याच्या घरात त्याहून जास्त कोण शिकवणार होतं मुलीला? हे अकरावी. ह्या सात इयत्तांचा फरक ह्यांनी आयुष्यभर पुरवून वापरला.

ह्यांना त्या सिनेमात काय आवडलं ते मला आता कळतं. बॉयलरपाशी दिवसभर वाफ, शिट्ट्या आणि डोक्यावर ओरडणारा सुपरवायझर. घरी एका खोलीत आम्ही सहा माणसं. सिनेमात सगळं पांढरं, थंड, मोकळं. कोणी हाक मारत नाही. मलासुद्धा कोणी काचेची पेटी दिली असती तर मी शंभर वर्षं झोपले असते. पण पेट्या पाचच होत्या आणि पाचांतही बाई नव्हती.

तर ते संगीत ह्यांना हवं होतं. त्या काळी कुठली गोष्ट कुठेच मिळाली नाही की माणसं उल्हासनगरला जायची. असली नाही मिळाली तर तिची बहीण मिळायची. तिथल्या कॅम्पात एक सिंधी दुकानदार कॅसेटी भरून द्यायचा. त्याच्या मेव्हण्याने दुबईहून त्याच सिनेमाची कॅसेट आणली होती. एका सकाळी हे मला घेऊन गेले, कारण मला सतरंजी घ्यायची होती. दुकानदार म्हणाला, "साईं, वायर खराब है. आमने-सामने रखके भर देता हूं. एक घंटा लगेगा." त्याने दोन टेपरेकॉर्डर तोंडाला तोंड लावून ठेवले. ह्यांना एक तास बसवेना. हे म्हणाले, "तू बस इथे. मी पँटचं कापड बघून येतो."

मी स्टुलावर बसले. दुकानदाराने ओठांवर बोट ठेवलं. "भाभी, बिलकुल चुप. आवाज अंदर आ जाएगा."

मी चूप बसले. पण शेजारी चक्की होती. मध्ये एकच फळ्यांची भिंत. कॅसेट सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि बायका डबे घेऊन आल्या. मोटर सुरू झाली. आधी घूं करून वर चढली, मग पट्टा फिरायला लागला. पट्ट्याला जोड असला की तो चाकावरून जाताना दर फेरीला एकदा आपटतो, टप, टप. दाणे संपत आले की दगडाचा आवाज बारीक आणि कडक होतो. शेवटी चक्कीवाला पीठ झाडायला डब्यावर दोन थापा मारतो. हे मला कोणी शिकवायला नको होतं. दर आठवड्याला मी चक्कीवर उभी असायचे. मी दुकानदाराकडे बघितलं. त्याने हात हलवून सांगितलं, कुछ नहीं होता.

फळ्यांच्या फटीतून पीठ येत होतं. माझ्या घशात गेलं. मी पदर तोंडात कोंबला, डोळ्यांतून पाणी काढलं, पण शेवटी खोकला आलाच. दुकानदाराने कपाळाला हात लावला. मला आजही तसाच खोकला येतो, आधी दोनदा कोरडा आणि मग घसा साफ केल्यासारखा एक लांब.

घरी आल्यावर ह्यांनी कॅसेट लावली आणि डोळे मिटले. चक्की सुरू झाली तसे हे ताठ बसले. "ऐक! इंजिन! जहाज निघालं." पट्ट्याचा जोड आपटायला लागला. "हे झोपलेल्या माणसांचं काळीज." दाणे संपले. "हे सूर्याजवळून चाललेत." मग माझा खोकला आला. ह्यांनी बोट वर केलं. "आणि इथे तो जागा होतो!"

मी म्हणाले, "तो माझा खोकला आहे. आणि ती चक्की आहे."

हे हसले. असे हसले की शेजारीण दारात आली. तिला म्हणाले, "ऐकलंत का, हिच्या खोकल्यावर इंग्रज सिनेमा काढतात!"

झालं. पुढे चाळीस वर्षं जो कोणी आमच्याकडे आला त्याला आधी इंजिन ऐकवलं आणि मग माझा हा विनोद सांगितला. व्याह्यांना सांगितला. जावयाला सांगितला. मी चहा घेऊन बाहेर आले की हे म्हणायचे, "या, इंग्रजांच्या हिरॉईन आल्या." मी चहा ठेवून आत जायचे. भांडण उकरून काढलं नाही, पण विसरलेही नाही. आमच्यात वाटण्या झाल्या असत्या तर मी फ्लॅट मागितला नसता. ह्यांनी एकदा, माणसांसमोर नसेना का, पण स्वतःच्या तोंडाने म्हणावं की तो खोकला तुझा होता, एवढंच मला हवं होतं.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा सुरू झाला. महिन्यातून एकदा संध्याकाळी खाली हॉलमध्ये जमायचं, कोणीतरी बोलायचं, मग पोहे. अध्यक्ष एक निवृत्त हेडमास्तर. त्यांना अजून शाळा सुटली आहे हे कोणी सांगितलेलं नाही. बोलताना मध्ये कोणी शिंकलं तरी ते बघून ठेवतात. मला तर पोह्यांतल्या फोडणीनेही खोकला येतो, त्यामुळे दर महिन्याला ते एक भुवई वर करून माझ्याकडे वळून बघतात आणि सगळा हॉल बघतो.

ह्यांची पाळी आली. विषय ठरलेलाच. आठ दिवस हे कागदावर लिहीत होते. आमची नात कॉलेजात आहे. ती म्हणाली, "आजोबा, ती कॅसेट घासून गेली आहे. मी असली म्युझिक डाउनलोड करते, मोठा स्पीकर लावू." ह्यांना आनंद झाला. जहाज मोठ्या स्पीकरवर!

आदल्या दिवशी नातीने स्वयंपाकघरात मला ते मोबाईलवर ऐकवलं. मी भाजी निवडत होते. खरं सांगायचं तर चांगलं होतं. भजनाच्या पेटीवर एक सूर धरून ठेवावा तसा एक सूर, खूप वेळ, मग त्याच्या खालून हळूहळू दुसरा. एवढी वर्षं मी ते चक्कीच्या आतून ऐकलं होतं. आता पहिल्यांदा धुऊन पुसून समोर आलं. मेथीची जुडी हातातच राहिली. बाई नसलेल्या जहाजावरही कोणी इतकं शहाणं असू शकतं, असं वाटलं.

नात म्हणाली, "पण आजी, इंजिनचा पार्ट कुठाय? आजोबा तर त्याच्यावरच बोलणार आहेत. पूर्ण ऐकलं मी, है ही नहीं."

मी तिला सांगितलं. ती ओट्याला धरून हसली. मग एकदम गंभीर झाली. "आजी, त्यांना सांगायला पाहिजे. सगळ्यांसमोर पोपट होईल."

"सांगितलंय मी."

"कधी?"

"तुझा बाप पाळण्यात होता तेव्हा."

ती म्हणाली, "तू पण ना, डेंजर आहेस."

दुसऱ्या दिवशी मी जुना टेपरेकॉर्डर आणि कॅसेट कापडी पिशवीत घातली आणि हॉलमध्ये नेली. ह्यांना वाचवायला नेली असं नात नंतर सगळ्यांना सांगत होती. तिला सांगू दे. मला साक्षीदार हवे होते. हॉलमध्ये तीस-चाळीस म्हातारे होते आणि बहुतेकांचे कान शाबूत होते.

हे इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. जहाज, पेट्या, तारा, सगळं चांगलं सांगितलं. माणसं ऐकत होती. मग म्हणाले, "आता संगीत. सुरुवातीला इंजिन येतं, त्याकडे लक्ष द्या." नातीने स्पीकर लावला. तो लांब सूर आला. ह्यांनी बोट वर केलं. सूर चालला. ह्यांचं बोट वरच. "आता येईल," हे म्हणाले. दुसरा सूर आला. "थांबा, येईल." इंजिन कुठून येणार? ते कॅम्पात होतं.

हेडमास्तर म्हणाले, "इंजिन रिपेअरला गेलं वाटतं." हॉल हसला. ह्यांचा हात खाली आला. हे नातीला म्हणाले, "काहीतरी चुकलंय तुझं. हे ते नाही." घाम आला होता. बॉयलरवर येत नसे एवढा.

मी उठले आणि पिशवी टेबलावर ठेवली. टेपरेकॉर्डर बघून ह्यांचा चेहरा उजळला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा हे चारचौघांत माझं कौतुक करत म्हणाले, "बघा! आमच्या हिने असली आणली!"

मी बटण दाबलं आणि माझ्या खुर्चीवर येऊन बसले.

मोटर चढली. "हे बघा, इंजिन!" पट्टा आपटायला लागला. "हे काळीज..."

तिसऱ्या मजल्यावरच्या बाई उल्हासनगरात वाढलेल्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, "अहो दादा, कसलं काळीज? ही तर चक्की!" बाजूची म्हणाली, "पट्टा जोडलेला आहे बघ." तिसरी म्हणाली, "आणि ज्वारी आहे. गव्हाचा आवाज असा नसतो." बायकांमध्ये ज्वारी की बाजरी ह्यावर वाद लागला. हेडमास्तर टेबल वाजवून शांत राहायला सांगत होते आणि कोणी ऐकत नव्हतं. ह्यांनी ते सगळं बाजूला सारून बोट वर केलं, कारण ती जागा आली होती. "गप्प बसा जरा. इथे तो जागा होतो."

दोनदा कोरडा. मग एक लांब.

सगळा हॉल वळला आणि सवयीने माझ्याकडे बघायला लागला. हेडमास्तरांनीसुद्धा तीच भुवई वर केली. मी तर तोंडही उघडलं नव्हतं. मग हळूहळू त्यांना कळलं आणि मग जे हसू उठलं ते पोहे येईपर्यंत थांबलं नाही. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. हात तसाच वर होता.

दोन दिवस घरात बोलणं नाही. जेवले, पेपर वाचला, फिरायला गेले. मी चाळीस वर्षं थांबले होते, दोन दिवस कोणाला जड आहेत? नात येता जाता आमच्याकडे बघायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी गहू निवडत बसले होते. ह्यांनी टेपरेकॉर्डर माझ्यासमोर आणून ठेवला आणि कॅसेट लावली. मोटर, पट्टा, थापा. खोकला आला तसं बटण दाबून बंद केलं. 

"तेव्हा औषध घेतलं होतंस का?" हे म्हणाले.

मी सुपातले खडे काढत राहिले.

"नाही," मी म्हणाले. "आता लावा पुढे. दुसऱ्या बाजूला माझे अजून दोन आहेत."

ह्यांनी कॅसेट काढली, उलटी केली आणि परत घातली.