मेंटेनन्सवाल्याचं गळकं घर

गळत्या जागी पातेलं ठेवलं की ते आपोआप भरतं. आमच्या मेंटेनन्स खात्याचे किस्सेही तसेच साठत गेले. पिंपरीत तेव्हा कारखाना नवाकोरा होता, कंपाउंडच्या बाहेर बाजरी उभी असायची आणि कामगारांचे क्वार्टर्स फक्त नकाशात होते. मी गावात एक कौलारू खोली भाड्यानं घेतली होती. बाकीचे किस्से राहू देत, आज त्या खोलीचेच सांगतो!

*

माझी बायको कमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. न्यायला मामा, म्हणजे माझे सासरे, चाकणजवळच्या गावाहून बैलगाडी घेऊन आले. निघण्याआधी ते स्वतः छपरावर चढले, आढ्यावरचं कौल उचलून आढ्याच्या लाकडाला साखळी गुंडाळली आणि कौल परत बसवलं.

"नातवाचा पाळणा ह्या साखळीला टांगायचा. जावईबापू, हिथं हात लावू नगा, पक्कं काम हाय!"

मुलगा झाला. पावसाळ्यात बाळ-बाळंतिणीला धाडायचं ठरलं, म्हणून मामा आधी घर बघायला आले. बाहेर पाऊस चालू होता. ते खाटेवर टेकले आणि थेंब नेमका त्यांच्या पागोट्यावर!

"माझी लेक आन् नातू गळक्या घरात यायची न्हाईत. आदी ह्ये बंद करा, मग बगू."

आता मागच्या पावसाळ्यात याच खोलीत एक थेंब गळला नव्हता. पण सासऱ्यांपुढं बोलतो कोण? पोराला मी फक्त बारशाला बघितलं होतं, जीव नुसता तुटत होता. तेव्हाच ठरवलं, ही गळती सापडेपर्यंत स्वस्थ बसायचं नाही.

*

आमच्या खात्यात सावंत होता, रत्नागिरीकडचा. तो म्हणाला, "पाऊस म्हणजे काय ते आम्हां कोकणातल्या माणसांना विचार! खाटेवर गळतं ना? मग खाटेच्या वरचंच कौल, दुसरं काय?"

गडी मोठ्या ऐटीत चढला. खाटेवरची सगळी कौलं काढून पुन्हा बसवली आणि उतरताना दोन फोडली. संध्याकाळी सर आली, तर एकाऐवजी तीन ठिकाणी गळायला लागलं. जुनी गळती जागच्या जागी!

"निदान उजेड तरी वाढला," सावंत म्हणाला.

*

फुटकी कौलं बदलली. मग आमचा पाइपफिटर भोसले पुढं सरसावला. "राव, पाइप कुठं लीक आहे ते कळेना, तर आपण काय करतो? धूर भरतो! जिथून धूर, तिथं भोक!"

पटलं आम्हाला. रविवारी उघडीप होती. दारंखिडक्या लावून घेतल्या, आत घमेल्यात ओल्या गोवऱ्या पेटवल्या आणि तिघंही अंगणात माना वर करून उभे राहिलो. अहो, कौलारू छप्पर ते! धूर प्रत्येक कौलाखालून निघायला लागला. सावंत मोजायला लागला आणि लगेच थांबला.

तेवढ्यात गावानं धूर बघितला. "आग लागली रं!" अख्खी आळी घागरी घेऊन धावली. आम्ही ओरडतोय, "अहो, टेस्ट आहे, टेस्ट!" ऐकतंय कोण? सगळं पाणी छपरावर.

त्या दिवशी आभाळ कोरडं असताना माझं घर गळलं!

*

तरी मी हटलो नाही. पुढच्या सुट्टीला शिडी लावली. वळचणीकडून हळदीचं पाणी ओतलं, मधल्या भागात निळीचं, भिंतीकडं कुंकवाचं. खाटेवर पडणाऱ्या थेंबाचा रंग बघायचा आणि चोर पकडायचा.

"आढ्यावर ओतू का?" सावंतनं वरून विचारलं.

"तिथं नको! ते मामांनी स्वतः बसवलंय."

सासऱ्यांच्या कामाची टेस्ट घेतात का कुठं? सावंतलाही पटलं.

सगळं छप्पर रंगलं, पण खाटेवर एक थेंब नाही. भोसले म्हणाला, "मग आता राहिलं काय?" आणि तिघांनीही एकदम पाळण्याच्या साखळीकडं बघितलं. पाणी आढ्यावर शिरत होतं आणि वाशावरून ओघळत येऊन खाटेवर टपकत होतं!

*

आता सांगायचं कुणी? गुपचूप बदलावं, तर ‘हात लावू नगा’ म्हणून बजावलेलं. आम्ही कुजबुजत होतो, तोच मामा दारात! घर सुधारलं का ते बघायला आले होते. मी हळूच सावंतच्या मागं सरकलो.

सावंत मात्र पुढं झाला. "मामा, आमची अक्कल संपली बघा. तुमची जाणती नजर एकदा फिरू दे. आढ्यापासून सुरुवात करा."

मामा चढले. वर आढ्यावरचं कौल खडखडलं. मग म्हणाले, "एक कौल द्या वर." दिलं. खाली उतरले तेव्हा उपरण्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं, कौलाचा कोपरा बाहेर डोकावत होता.

"उद्या लेकीला घिऊन येतो," म्हणाले आणि चहा न घेताच निघाले.

आली. साखळीला पाळणा टांगला. बाहेर पाऊस नुसता कोसळतोय आणि खाट ठणठणीत कोरडी! पोराला मांडीवर घेतलं आणि माझे डोळे भरून आले. सावंत, भोसले चहाला आलेले, शेजारणी बाळ बघायला. कमल सगळ्यांना कौतुकानं सांगतेय, "कंपनीतली ही तीन-तीन माणसं महिनाभर झटली, पण काही जमलं नाही. माझ्या वडिलांनी एकदाच वर हात फिरवला, गळती बंद!"

आम्ही तिघं बशीत बघत होतो. मामा पाळण्याची दोरी ओढत म्हणाले,

"जाऊ दे गं. पाव्हण्यांनीबी लई कष्ट घेतलं!"